वेब सेवांमधील नेमस्पेस आणि अपवाद-हाताळणी : एक ऐतिहासिक आढावा (वसई-विरार परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :

दोन संगणक परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करू लागले की दोन प्रश्न उभे राहतात. पाठविलेले नाव नेमके कोणाचे, हा पहिला. आणि काम झाले नाही तर तो नकार कोणत्या शब्दांत कळवायचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला एक्सएमएलने नेमस्पेसच्या रूपाने १९९९ मध्ये उत्तर दिले. दुसऱ्याला सोप या संदेशपद्धतीने २००० व २००३ मध्ये फॉल्टच्या रूपाने उत्तर दिले. प्रस्तुत लेखात या दोन्ही उत्तरांचा इतिहास तपासला असून, हे प्रश्न महसूल व टपाल व्यवहारात आधीपासूनच कसे अस्तित्वात होते, हे वसई-विरार परिसराच्या उदाहरणाने दाखविले आहे.

बीजसंज्ञा : वेब सेवा, एक्सएमएल, नेमस्पेस, अपवाद-हाताळणी, सोप फॉल्ट, वसई-विरार, सातबारा, पिनकोड.

१. प्रस्तावना :

वसई तालुक्यातील जमिनीचे कोणतेही जुने खरेदीखत उघडले तर मिळकतीच्या वर्णनाची सुरुवात ठरावीक पद्धतीने झालेली आढळते. आधी मौजे अमुक, मग तुकडी व जिल्हा ठाणे, पोटतुकडी व तालुका वसई, आणि त्यानंतर सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर. सर्व्हे नंबर २५ हा जवळजवळ प्रत्येक गावात असतो. तो एकटा लिहिला तर त्याला काही अर्थ उरत नाही. मौजे, तालुका व जिल्हा यांच्या चौकटीत ठेवल्यावरच तो एका विशिष्ट जमिनीचा निर्देश करतो. दस्तलेखक ही चौकट आरंभी एकदाच मांडतो आणि पुढे ‘सदर मिळकत’ एवढाच उल्लेख करतो. वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण चौकट कुठे मांडली आहे हे त्याला ठाऊक असते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकशास्त्रापुढे नेमका हाच प्रश्न आला. एका संस्थेचा संगणक दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला महाजालावरून काम सांगू लागला. या पद्धतीला वेब सेवा असे नाव मिळाले. त्यातून दोन प्रश्न निर्माण झाले : एकच नाव दोन संस्था भिन्न अर्थांनी वापरीत असतील तर ते वेगळे कसे ओळखावे, आणि मागितलेले काम होऊ शकले नाही तर ते कसे कळवावे. तांत्रिक पाठ्यपुस्तकांत हे दोन विषय बहुधा स्वतंत्र प्रकरणांत शिकविले जातात. इतिहासाच्या अंगाने पाहिल्यास मात्र त्यांचा परस्परसंबंध निकटचा असल्याचे दिसते.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) नेमस्पेस आणि अपवाद-हाताळणी या संकल्पनांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) वसई-विरार परिसरातील नामांतरे व प्रशासकीय फेरबदल यांच्या आधारे या संकल्पनांची गरज स्पष्ट करणे.
३) महाराष्ट्रातील संगणकीकृत सेवांच्या अनुभवातून या संकल्पनांचे सामाजिक महत्त्व तपासणे.

३. वसईची नावे आणि चौकटी :

नावांच्या अभ्यासासाठी वसईइतका समृद्ध प्रदेश कोकणपट्टीत क्वचितच सापडेल. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. ग्रीक लेखकांनी त्याची नोंद सुप्पारा या रूपात केली. येथेच १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. वसईला पोर्तुगीजांनी बसाईं म्हटले. चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील विजयानंतर मराठ्यांनी तिला बाजीपूर हे नाव दिले, तर इंग्रजांच्या कागदपत्रांत ती बॅसीन झाली. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी केलेला तह मराठी ग्रंथांत वसईचा तह, तर इंग्रजी ग्रंथांत बॅसीनचा तह म्हणून येतो. हे दोन वेगळे तह नाहीत, हे विद्यार्थ्याला शिकवावे लागते. यंत्राला तर ते सांगितल्याखेरीज कळणारच नाही.

रेल्वेने हे जुने नाव आजही जपले आहे. वसई रोड स्थानकाचा सांकेतिक शब्द बी-एस-आर असा असून तो बॅसीन रोड या जुन्या नावावरून आलेला आहे. फलकावरील नाव बदलले, संकेत बदलला नाही. तो बदलला नाही म्हणून कोणाचे अडलेही नाही, कारण संकेताचे काम ओळख पटविणे हे आहे, अर्थ सांगणे हे नव्हे. दादरच्या बाबतीत उलट स्थिती आढळते. तेथे नाव एकच आहे; पण मध्य रेल्वेच्या दादरचा संकेत डी-आर आणि पश्चिम रेल्वेच्या दादरचा डी-डी-आर असा आहे. म्हणजे एका नावाची दोन स्थानके संकेतांनी वेगळी केली आहेत.

नावाच्या पुनरावृत्तीचे ठळक उदाहरण म्हणजे नायगाव. एक नायगाव वसई तालुक्यात, दुसरे मुंबईत दादरजवळ, तिसरे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेले सातारा जिल्ह्यातील, तर चौथे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. ‘नायगाव’ एवढाच शब्द हाती आला तर संगणकाने काय समजावे?

नावांच्या जोडीला चौकटीही बदलत गेल्या. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची अनेक गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. या गावांपैकी काहींचा समावेशास विरोध होता. २९ गावे वगळण्याची अधिसूचना २०११ मध्ये निघाली आणि तो वाद दीर्घकाळ न्यायालयात राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला आणि वसई तालुका त्यात गेला. २०११ च्या जनगणनेत मात्र वसई-विरार शहराची १२,२२,३९० ही लोकसंख्या ठाणे जिल्ह्याखालीच नोंदलेली आहे. वाहनांची नोंदणी पूर्वी एमएच-०४ या ठाण्याच्या क्रमांकाने होत असे. पुढे या भागासाठी एमएच-४८ हा क्रमांक आला.

परिणामी एकच गाव महसुली दप्तरात मौजे, पूर्वीच्या पंचायत दप्तरात ग्रामपंचायत, पालिकेच्या दप्तरात प्रभागाचा भाग, तर टपाल खात्यात वितरण कार्यालयाचे क्षेत्र ठरले. या चारही ठिकाणी लिहिलेले नाव एकच असले, तरी त्याच्या सीमा सारख्या असतीलच असे नाही.

४. टपाल खात्याचा पूर्वानुभव :

नावांच्या गोंधळावर देशव्यापी उपाय करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न टपाल खात्याने केला आणि त्याचे श्रेय कोकणातील एका विद्वान अधिकाऱ्याकडे जाते. संस्कृतचे कवी व नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यात वरिष्ठ पदावर होते. त्यांनी आखलेली सहा अंकी पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे, भिन्न लिप्यांतील पत्ते आणि न लागणारी अक्षरे या अडचणींवर तो उपाय होता. पहिला अंक विभाग दाखवितो, पहिले तीन अंक मिळून वर्गीकरण जिल्हा ठरतो, तर शेवटचे तीन अंक वितरण कार्यालय सांगतात. मुंबई शहराचे पिनकोड ४०० ने आणि वसई परिसराचे ४०१ ने सुरू होतात. त्यामुळे दादरजवळचे नायगाव व वसईचे नायगाव पत्रावर तत्काळ वेगळे होतात.

या पद्धतीचा एक गुण २०१४ मध्ये दिसून आला. वसई पालघर जिल्ह्यात गेली, तरी तिचे पिनकोड बदलले नाहीत. टपालाचा वर्गीकरण जिल्हा आणि महसुली जिल्हा या दोन स्वतंत्र चौकटी असल्यामुळे एकीतील बदल दुसरीत शिरला नाही.

नकार कळविण्याची रीतही टपाल खात्याकडे होती. पत्र पोचले नाही तर पोस्टमन ते तसेच ठेवून देत नाही, आणि फेकूनही देत नाही. ‘पत्ता अपूर्ण’, ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’, ‘या पत्त्यावर राहत नाही’ अशांपैकी शेरा मारून ते पाठविणाऱ्याकडे परत जाते. शेऱ्यावरून चूक कोणाची हे कळते. पत्ता अपूर्ण असेल तर तो सुधारून पुन्हा पत्र टाकावे लागते. घर बंद असेल तर पत्त्यात काही दोष नाही, पुन्हा प्रयत्न करणे पुरेसे आहे. पुढे वेब सेवांनी हीच विभागणी स्वीकारली.

५. एक्सएमएल आणि नेमस्पेस :

एक्सएमएल १.० ही शिफारस वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. मजकुराला खुणांच्या जोड्यांत ठेवून त्याचा अर्थ नोंदविण्याची ही पद्धत होय. युनिकोडवर आधारलेली असल्याने या खुणांची नावे देवनागरीतही लिहिता येतात. मराठीच्या दृष्टीने ही बाब विशेष म्हणावी लागेल. खुणा कोणत्या असाव्यात हे एक्सएमएल ठरवीत नाही. प्रत्येक संस्था आपापल्या खुणा ठरविते, आणि अडचणीचे मूळ याच स्वातंत्र्यात होते. महसूल खात्याने ‘नाव’ ही खूण गावासाठी वापरली, टपाल खात्याने वितरण कार्यालयासाठी आणि रेल्वेने स्थानकासाठी वापरली, तर तिघांची माहिती एका संदेशात एकत्र येताच ‘नाव’ या खुणेचा अर्थ हरवतो.

यावरील उपाय १४ जानेवारी १९९९ रोजी नेमस्पेसच्या शिफारशीने आला. तिचे संपादन टिम ब्रे, डेव्ह हॉलंडर आणि अँड्र्यू लेमन यांनी केले होते. नेमस्पेसला मराठीत नामविश्व असा शब्द रूढ होत आहे. प्रत्येक शब्दसंग्रहाला यूआरआय या स्वरूपाचे एक जागतिक नाव द्यायचे, संदेशात त्याला एक लघुरूप जोडायचे आणि ते लघुरूप खुणेच्या आधी लिहायचे, अशी ही रीत आहे. लघुरूपांच्या घोषणा वगळून तिचा नमुना पुढीलप्रमाणे दाखविता येईल :

<भूमी:नाव>नायगाव</भूमी:नाव>
<टपाल:नाव>नायगाव</टपाल:नाव>
<रेल्वे:नाव>नायगाव</रेल्वे:नाव>

येथे तीन बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली, ‘भूमी’ हे लघुरूप केवळ सोयीचे आहे. दुसऱ्या कोणी त्याच यूआरआयला ‘महसूल’ असे लघुरूप दिले तरी अर्थ बदलत नाही, कारण तुलना यूआरआयची होते. दुसरी बाब म्हणजे आरंभी एक मूळ नेमस्पेस जाहीर केल्यास आतील खुणांना लघुरूप लावावे लागत नाही. खरेदीखतातील ‘सदर मिळकत’ याच तत्त्वावर चालते. तिसरी बाब अशी की, हा यूआरआय संकेतस्थळाच्या पत्त्यासारखा दिसत असला तरी तो नाव आहे, पत्ता नव्हे. त्या ठिकाणी काही पान असलेच पाहिजे, अशी अट शिफारशीत नाही.

या तिसऱ्या मुद्द्यावरून पुष्कळ वाद झाला. अपूर्ण, म्हणजे सापेक्ष, यूआरआय नेमस्पेसचे नाव म्हणून चालतील का, यावर २००० मध्ये दीर्घ चर्चा होऊन त्यांचा वापर त्याज्य ठरविण्यात आला. ज्या नावाचा अर्थ ते कुठे लिहिले आहे यावर अवलंबून असतो, ते ओळखीसाठी निरुपयोगी होय, हा त्यामागील विचार होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच चांगले यूआरआय बदलत नसतात असे प्रतिपादन केले होते. वसईच्या संदर्भात याचा अर्थ असा की, एखाद्या सेवेने नेमस्पेसच्या नावात जिल्ह्याचे नाव गुंफले असते, तर १ ऑगस्ट २०१४ नंतर तिच्यापुढे दोनच पर्याय उरले असते : चुकीचे नाव तसेच वापरीत राहणे, किंवा नाव बदलून सर्व जुने संदेश परके करणे.

६. अपवाद-हाताळणीचा विकास :

आज्ञावली चालताना उद्भवणाऱ्या अनपेक्षित स्थितीला संगणकशास्त्रात अपवाद म्हणतात. १९६० च्या दशकातील पीएल-वन या भाषेत अशा स्थितीसाठी स्वतंत्र सूचना लिहिण्याची सोय होती. जॉन गुडइनफ यांनी १९७५ मध्ये या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेने व त्यानंतर अ‍ॅडाने अपवादाला भाषेच्या रचनेत स्थान दिले. जावाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. एखाद्या कार्यपद्धतीतून कोणते अपवाद निघू शकतात हे आधीच जाहीर करण्याचे आणि बोलावणाऱ्याने त्यांची दखल घेण्याचे बंधन काही अपवादांबाबत तिने घातले.

ही सर्व व्यवस्था एका संगणकाच्या आत चालते. दोन संगणकांमध्ये संदेशाखेरीज दुसरा दुवा नसतो. सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वाल्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हा फरक ठामपणे मांडला. दूरच्या यंत्राला काम सांगितल्यावर उत्तर आले नाही, तर काम झालेच नाही की काम होऊन केवळ उत्तर हरवले, हे सांगणाऱ्याला कळू शकत नाही. घरपट्टी ऑनलाइन भरताना खात्यातून रक्कम वजा होते आणि पावती मात्र येत नाही, या अनुभवामागे हेच आंशिक अपयश असते. त्यामुळे अपयश कळविणे हासुद्धा संदेशाचाच एक प्रकार मानावा लागला.

१९९८ मधील एक्सएमएल-आरपीसी या सुटसुटीत पद्धतीत अपयशाच्या संदेशात एक क्रमांक आणि एक वाक्य एवढेच असे. क्रमांकांचा अर्थ ज्याचा तो ठरवी. एका सेवेतील क्रमांक ४ आणि दुसऱ्या सेवेतील क्रमांक ४ यांचा परस्परसंबंध नव्हता. नायगावचा प्रश्न अशा रीतीने नकाराच्या क्षेत्रातही आला.

८ मे २००० रोजी सोप १.१ चा मसुदा कन्सॉर्शियमकडे टिपणाच्या रूपात प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत नेमस्पेस शिफारशीचे एक संपादक अँड्र्यू लेमन होते, तसेच मायक्रोसॉफ्टमधील सतीश थत्ते व गोपाल काकिवाया ही भारतीय नावेही होती. सोपने अपयशासाठी फॉल्ट हा घटक ठरविला. त्यात दोषसंकेत, दोषवाक्य, दोष उत्पन्न करणारा घटक आणि तपशील असे चार भाग होते. दोषसंकेत चार प्रकारचे होते : आवृत्ती न जुळणे, अनिवार्य भाग न समजणे, मागणाऱ्याची चूक आणि देणाऱ्याची अडचण. शेवटचे दोन संकेत म्हणजे पोस्टमनच्या ‘पत्ता अपूर्ण’ व ‘घर बंद’ या शेऱ्यांचे यांत्रिक रूप होय. मागणाऱ्याची चूक असेल तर तोच संदेश पुन्हा पाठविण्यात अर्थ नसतो. देणाऱ्याची अडचण असेल तर काही वेळाने तो स्वीकारला जाऊ शकतो. १५ मार्च २००१ च्या डब्ल्यूएसडीएल १.१ या वर्णनभाषेत, सेवा कोणते दोषसंदेश देऊ शकते हे आधीच जाहीर करण्याची सोय झाली. जावातील जाहीर अपवादांशी तिचे साम्य उघड आहे.

७. दोन प्रश्नांचा परस्परसंबंध :

नेमस्पेस व फॉल्ट यांचा सर्वात जवळचा संबंध आवृत्तीच्या प्रश्नात दिसतो. सोपने आपल्या आवृत्तीचा क्रमांक संदेशात स्वतंत्रपणे लिहिला नाही. पाकिटाचा नेमस्पेस हीच आवृत्तीची खूण मानली. ओळखीचा नसलेला नेमस्पेस आला तर ‘आवृत्ती जुळत नाही’ असा फॉल्ट देण्याचा नियम होता. म्हणजेच नावाची चौकट न जुळणे हाच एक अपवाद ठरविण्यात आला.

सोप १.१ मध्ये एक विसंगतीही राहून गेली. फॉल्ट हा घटक सोपच्या नेमस्पेसमध्ये असला, तरी त्याच्या आतील चार भागांना कोणताही नेमस्पेस नव्हता. दोषसंकेताचे मूल्य मात्र नेमस्पेसयुक्त नाव असावे लागे. निरनिराळ्या कंपन्यांच्या साधनांनी या नियमाचे निरनिराळे अर्थ लावले. अशा मतभेदांवर तोडगा काढण्यासाठी २००२ मध्ये वेब सर्व्हिसेस इंटरऑपरेबिलिटी ऑर्गनायझेशन ही उद्योगसंस्था स्थापन झाली. तिच्या २००४ मधील बेसिक प्रोफाइल १.० ने फॉल्टच्या आतील भागांना नेमस्पेस लावूच नये, असे स्पष्ट केले. काम बिघडल्याचे सांगणारा संदेशच समोरच्याला समजू नये, हे टाळण्यासाठी हा खटाटोप होता.

२४ जून २००३ रोजी शिफारस झालेल्या सोप १.२ ने रचना सुधारली. फॉल्टचे सर्व भाग नेमस्पेसमध्ये आले. मुख्य संकेताखाली उपसंकेत देण्याची सोय झाली. त्यामुळे मूळ वर्गीकरण न मोडता प्रत्येक संस्थेला आपले बारकावे आपल्याच नेमस्पेसमध्ये मांडता येऊ लागले. आवृत्ती न जुळल्यास आपल्याला कोणत्या आवृत्त्या समजतात, हे कळविण्याची तरतूदही झाली. १.२ समजणाऱ्या पण १.१ न स्वीकारणाऱ्या सेवेकडे १.१ चा संदेश आला, तर नकार १.१ च्याच रूपात द्यावा, असा नियम होता. नकार ऐकणाऱ्याला कळेल अशाच भाषेत द्यावा, हे तत्त्व त्यात स्वीकारले गेले.

हेच तत्त्व मानवी भाषेलाही लावण्यात आले. सोप १.२ मध्ये दोषाचे कारण देताना प्रत्येक वाक्याची भाषा नोंदविणे अनिवार्य असून, तेच कारण अनेक भाषांत देता येते. म्हणजे यंत्रासाठी एक स्थिर संकेत आणि वाचणाऱ्यासाठी मराठीतील वाक्य, अशी दुहेरी सोय या मानकात २००३ पासून आहे. प्रत्यक्षात मात्र मराठी पडद्यावर अचानक उमटणारे इंग्रजी दोषवाक्य नागरिकांच्या परिचयाचे आहे. तेव्हा उणीव मानकातील नसून वापरातील आहे, असे म्हणावे लागते.

८. महाराष्ट्रातील अनुभव :

वरील चर्चा केवळ तांत्रिक नाही, हे आधारच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात टेंभली या गावी देण्यात आले. आधारची प्रमाणीकरण सेवा सोपवर आधारलेली नव्हती, परंतु ती एक्सएमएल संदेशांवर उभारली गेली. संदेशाच्या नेमस्पेसमध्ये आवृत्तीचा समावेश होता आणि उत्तरात होकार किंवा नकार, तसेच नकाराचा संकेत असे. ३०० हा संकेत बायोमेट्रिक माहिती जुळली नाही असे सांगतो, तर ९३० पासूनचे काही संकेत सेवेतील अंतर्गत तांत्रिक दोष दर्शवितात.

या दोन संकेतांतील अंतर यंत्राच्या दृष्टीने थोडे, पण रास्त भाव दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने फार मोठे आहे. कष्टाच्या कामाने किंवा वयोमानाने बोटांचे ठसे झिजलेली व्यक्ती खोटी नसते. नेटवर्क नसल्यामुळे मिळालेला नकार तर तिच्याविषयी काहीच सांगत नाही. दोन्ही प्रसंगी पडद्यावर केवळ ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ असे उमटले, तर धान्याचा हक्क आज्ञावलीच्या मौनात अडकतो. पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ आदिवासी तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच गंभीर ठरतो. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी विशिष्ट ओळख प्राधिकरणाने राज्यांना अपवाद-हाताळणीविषयी परिपत्रक पाठविले. प्रमाणीकरण यशस्वी झाले नाही या कारणास्तव पात्र व्यक्तीला लाभ नाकारू नये आणि पर्यायी मार्गाने लाभ देऊन त्याची नोंद ठेवावी, असा त्याचा आशय होता. संगणकशास्त्रातील एक संज्ञा येथे शासकीय परिपत्रकाचा विषय झाली, ही घटना इतिहासाच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी आहे.

नावाच्या प्रश्नाचे उदाहरण भूमी अभिलेखांत मिळते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने सातबाऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हा गावाच्या नावासोबत त्याचा लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील संकेतांक छापण्याचे ठरले. हा संकेतांक गावाच्या नावातून किंवा जिल्ह्यातून तयार होत नाही. तो स्वतंत्र असतो आणि गाव कोणत्या तालुक्यात वा कोणत्या स्थानिक संस्थेत मोडते, ही माहिती त्याला वेगळी जोडलेली असते. वसई तालुक्यातील ज्या कुटुंबाकडे एका कागदावर ‘जिल्हा ठाणे’ आणि दुसऱ्यावर ‘जिल्हा पालघर’ असे लिहिलेले आहे, त्याची जमीन मात्र एकच आहे. हे ऐक्य दाखविण्याचे काम असा संकेतांक करू शकतो. तो नसेल आणि शोधणाऱ्या सेवेने केवळ जिल्हा व गाव यांची नावे ताडून पाहिली, तर जुनी नोंद सापडणार नाही. त्या वेळी ‘नोंद नाही’ असे उत्तर देणे आणि ‘या नावाने शोध पूर्ण होऊ शकला नाही’ असे उत्तर देणे यांत मोठा फरक आहे. पहिले उत्तर मालकी हक्काविषयी विधान करते. दुसरे केवळ सेवेच्या मर्यादेविषयी.

९. नंतरचा प्रवाह :

२००५ नंतरच्या काळात सोपची गुंतागुंत अनेकांना नकोशी झाली आणि जेसन या हलक्या स्वरूपावर आधारलेल्या सेवा लोकप्रिय झाल्या. जेसनमध्ये नेमस्पेसची सोय नाही. त्यामुळे हे प्रश्न संपले असे प्रथमदर्शनी वाटले, पण ते संपले नव्हते. प्रत्येक सेवा आपल्या मनाप्रमाणे दोषसंदेश देऊ लागल्यावर इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने २०१६ मध्ये आरएफसी ७८०७ प्रसिद्ध करून दोषसंदेशाचे समान स्वरूप सुचविले. २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने त्याची जागा घेतली. त्यात दोषाचा प्रकार ओळखण्यासाठी पुन्हा यूआरआयचाच वापर केलेला आहे. नेमस्पेस या शब्दाशिवाय नेमस्पेसचे तत्त्व परत आले.

१०. निष्कर्ष :

१) नेमस्पेस व अपवाद-हाताळणी या संकल्पनांची रूपे नवीन असली, तरी त्यांमागील प्रश्न जुने आहेत. मौजे-तालुका-जिल्हा ही दस्ताची चौकट, पिनकोड आणि परत आलेल्या टपालावरील शेरा यांतून समाजाने ते आधीच हाताळले होते.

२) ओळख ही बदलत्या नावाशी किंवा बदलत्या प्रशासकीय चौकटीशी बांधू नये. २००९ व २०१४ मधील फेरबदलांतून वसई-विरारच्या बाबतीत हे स्पष्ट होते. पिनकोड व रेल्वे संकेत टिकले, कारण ते महसुली जिल्ह्यावर अवलंबून नव्हते.

३) नकारालाही निःसंदिग्ध नाव लागते. ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ ही दोन उत्तरे वेगळी न ठेवणारी सेवा तांत्रिकदृष्ट्या चालू असली, तरी नागरिकाच्या दृष्टीने ती चुकीची माहिती देत असते.

४) दोषाचे कारण वाचणाऱ्याच्या भाषेत देण्याची सोय मानकांत अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. मराठीतून सेवा देणाऱ्या संस्थांनी ती वापरणे अगत्याचे आहे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात हे विषय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरते मर्यादित राहतात. इतिहास, राज्यशास्त्र व लोकप्रशासन या विषयांच्या अभ्यासकांनीही त्यांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. सातबाऱ्यावरील एक संकेतांक किंवा रास्त भाव दुकानातील यंत्रावर उमटणारा एक क्रमांक हा यापुढे इतिहासाच्या साधनांचाही भाग असणार आहे. तो वाचता येण्यासाठी तो कोणत्या नामविश्वातील आहे, हे अभ्यासकाला ठाऊक असावे लागेल.